बाहेरची तुळई

पूल सरळ असता तर सांगण्यासारखं काही नव्हतं.
पण पेनसिल्व्हेनियाच्या या घळीत
कोळशाची लाइन टॅनर ओढा ओलांडते
ती वळता वळताच,
आणि वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला रेलते,
पिऊन आलेला माणूस भिंतीला रेलतो तशी.

म्हणून आतली तुळई कमरेएवढी,
बाहेरची दीड पुरुष उंच,
मधोमध पाठीला पोक.
शेजारी उभ्या केल्या तर
कुणी बहिणी म्हणणार नाही.

ज्यानं हे आखलं त्याचं नाव पितळी पाटीवर होतं.
पाटी युद्धाच्या भंगारात गेली.
आमच्या गल्लीत तो नुसता 'वेडा'.
नवे लोक पूल बघून विचारायचे,
"एका बाजूला लोखंड संपलं की काय?"
सिग्नलवाला डॉर्सी टॉलिव्हर पाइप न काढता म्हणायचा,
"जिच्यावर भार, तिला हाड."

माझा बाप, वासिल ह्रिंको,
रिव्हेट ठोकून ठोकून तिशीतच बहिरा झाला,
आणि कंपनीनं त्या बहिऱ्यालाच
रिव्हेट वाजवून तपासायला ठेवलं.
हसू नका. त्याला आवाज नकोच होता.
तो एका बाजूनं हातोडी मारी,
दुसऱ्या बाजूच्या डोक्यावर माझं बोट.
घट्ट असेल तर बोटाला काहीच नाही.
सैल असेल तर बारीक थरथर,
झोपलेल्या मांजराच्या पोटावर हात ठेवावा तशी.
मी मान हलवायची, तो खडूनं फुली मारायचा.
वय सात. पगार एक उकडलेलं अंडं.

आतल्या तुळईत सहाशे बारा,
बाहेरच्या तुळईत अकराशे चार.
आई, परास्का, म्हणायची,
पोरीला दुसरं काही मोजायला शिकव.

फुल्या बहुतेक बाहेरचीच्याच अंगावर.
मला तिची दया यायची.
एकदा एकशे एकाहत्तरावा थरथरला
आणि मी मान हलवली नाही.
आज तरी हिला फुली नको, एवढंच.

त्या रात्री दोन चाळीसची मालगाडी
मी श्वास धरून ऐकली.
चौसष्ट डबे. सगळे पार.
पुन्हा मोजले, मनातल्या मनात.

सकाळी दिव्यासमोर उभी राहून
बापाला ओठ वाचता येतील असं सांगितलं.
तो रागावला नाही. कोट घातला.
पुलावर माझं बोट धरून
एकशे सत्तराव्यावर ठेवलं, मग बाहत्तराव्यावर.
दोन्ही अगदी किंचित हलत होते.
"एकानं सोडलं की शेजारी धरतात," तो म्हणाला,
बहिऱ्यांच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात,
"किती दिवस, ते लोखंड सांगत नाही."

तिथे आता बोल्ट आहे.
गोल डोक्यांच्या रांगेत एकच षटकोनी.

गाड्या बंद होऊन एकवीस वर्षं झाली.
यंदा पुलावरून सायकलींची वाट काढणार.
काउंटीची इंजिनिअर आली, केंड्रा ऑस्टलर,
हातात मोबाइलएवढं यंत्र,
त्याच्या टोकाला निळसर चिकट काहीतरी.
म्हणाली, आतल्या बाजूला खोटा पत्रा लावू,
दोन्ही सारख्या दिसतील.

मी म्हटलं, हातोडी आहे?

गाडीत होती.
तिचं बोट मी एकशे एकाहत्तराव्यावर ठेवलं,
वळसा घालून पलीकडे गेले, गुडघे कुरकुरले,
आणि मारली.

"काहीच लागलं नाही," ती तिकडून ओरडली.
"तेच लागायला हवं," मी म्हटलं.
तिनं मग आपण होऊन बोट बाहत्तराव्यावर सरकवलं,
पत्र्याचं पुन्हा काढलं नाही, निदान त्या दुपारी.

ऊन पोकावरून उतरेपर्यंत
आमचे चाळीस झाले.
पगार द्यायला
माझ्या पिशवीत अंडं नव्हतं.